साथीचा रोग आणि बिनशिक्क्याचा निरोप

(रायपूर येथील गुढियारी भागात झालेल्या रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या संयुक्त मेळाव्यात रेल्वे युनियनच्या शाखा चिटणीसांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



वेतन, पेन्शन आणि रिक्त जागा यांविषयी आमच्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करणार नाही. आमच्याकडे जो विषय सोपवला आहे तो ऐकून काही सभासदांनी आम्हाला दारातच गाठले आणि विचारले, "साहेब, कोरोना गेला, मास्क गेले, आता त्याचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु रोग गेला म्हणून साथीच्या काळात आपण ज्या चुका केल्या त्या गेल्या नाहीत. पुढची साथ येईल तेव्हा रेल्वेच्या खिडकीवर आणि पोस्टाच्या काउंटरवर आपणच बसलेले असू. लोक आपल्यालाच विचारणार, "भाऊ, खरे काय?" त्या वेळी आपण काय उत्तर देणार, हा आजचा विषय आहे.

गुढियारी म्हणजे रायपूर स्टेशनच्या पलीकडची वस्ती. इकडे रूळ, पलीकडे शहर. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून नागपूर, भंडारा, गोंदियाकडची माणसे या मार्गाने कामाला आली आणि इथलीच झाली. आपल्या चाळीत मराठी आहे, छत्तीसगडी आहे, तेलुगू आहे, उडिया आहे. एका नळावर चार भाषा चालतात. अशा ठिकाणी एखादी बातमी किती वेगाने फिरते आणि फिरता फिरता किती बदलते, हे तुम्हाला सांगायला नको.

लाइन क्लिअर आणि प्रायव्हेट नंबर

टपाल खात्यातील बंधूंसाठी आमच्या खात्यातली एक साधी गोष्ट सांगतो. गाडी येण्याआधी स्टेशन मास्तर फाटकावरच्या गेटमनला फोन करतो. गेटमन फाटक बंद करतो. नुसते "बंद केले" म्हणून चालत नाही. त्याला आपल्याजवळच्या कागदावरचा एक आकडा सांगावा लागतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकडा, ती वेळ आणि त्या गाडीचा नंबर वहीत चढतो, मग सिग्नल पडतो. पुढे रुळाचे काम चालू असेल तर लोको पायलटला लेखी कॉशन ऑर्डर मिळते. कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, किती वेगाने, हे त्यात लिहिलेले असते आणि खाली त्याची सही घेतली जाते. कोणी सांगितले, कोणाला सांगितले, किती वाजता सांगितले, आणि ऐकणाऱ्याने ते बरोबर ऐकले की नाही, या चार गोष्टी पुऱ्या झाल्याशिवाय आमच्याकडे निरोप हा निरोप होत नाही. शंभरावर वर्षांच्या अपघातांतून, माणसांच्या जिवाच्या मोलाने, ही शिस्त आली आहे.

टपाल खात्याचीही हीच रीत. पाकिटावर शिक्का असतो. कोणत्या गावी, कोणत्या तारखेला पडले ते त्यावरून कळते. रजिस्टर पत्राची पोच परत येत असे. आणि ज्यावर तिकीट नाही ते बैरंग. त्याचे पैसे पाठवणारा भरत नाही, घेणाऱ्याकडून दुपटीने वसूल होतात.

मित्रांनो, साथीच्या काळात आपल्या मोबाइलवर जे येत होते ते सगळे बैरंग होते. पाठवणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. किंमत मात्र घेणाऱ्याने भरली.

जुना धडा

हे काही मोबाइलपासून सुरू झालेले नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये महापालिकेने संशयित रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. हुकूम निघाला, पण तो का निघाला, इस्पितळात काय करतात, तिथे नातेवाइकाला भेटता येते की नाही, हे वस्तीत जाऊन कोणी सांगितले नाही. ती रिकामी जागा अफवेने भरून काढली. इस्पितळात नेतात ते माणसाला मारून त्याच्या देहातून औषधी तेल काढण्यासाठी, असे घरोघरी बोलले जाऊ लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यानंतर सरकारला हुकूम सौम्य करावा लागला.

ते कामगार अडाणी होते असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. ज्या सरकारने त्यांना कधी काही विचारले नव्हते, त्या सरकारच्या शब्दावर त्यांनी विश्वास कसा ठेवावा? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले, देवघर-स्वयंपाकघर काही सोडले नाही. गाड्यांतून उतारूंना फलाटावर उतरवून तपासू लागले. लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली. रोग लपल्याने तो अधिकच पसरला. पुढे २२ जून १८९७ रोजी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

त्याच पुण्यात दुसरेही चित्र होते. सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. तिथे लोक आपल्या पायांनी आले, कारण बोलावणारी बाई त्यांच्या ओळखीची होती. रोग्यांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे प्लेगने निधन झाले. त्याआधी एक महिना, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गेले, तेही प्लेगनेच. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे, रविवारची सुटी मिळवून देणारे आणि 'दीनबंधु' पत्र चालवणारे हे आपल्या चळवळीचे आद्य पुरुष. २००५ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. कामगारांना संघटना हवी आणि स्वतःचे पत्रही हवे, हे त्यांना त्या काळी समजले होते. खरी बातमी हे कामगाराच्या संरक्षणाचे साधन आहे, हा त्यांचा वारसा आपण सांभाळला की नाही, ते आता पाहू.

अर्धी बातमी

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. १८५३ साली पहिली गाडी मुंबईहून ठाण्याला गेली, तेव्हापासून असे कधी झाले नव्हते. २५ मार्चपासून टाळेबंदी आली.

त्याच्या आधीच कोंबडीची अफवा येऊन गेली होती. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, या एका निरोपाने महाराष्ट्रात आणि इकडेही कुक्कुटपालन करणारा शेतकरी बुडाला. मग वर्तमानपत्राच्या कागदावरून रोग येतो अशी बातमी पसरली. लोकांनी पेपर बंद केले. १८ एप्रिल २०२० रोजी महाराष्ट्र सरकारनेच घरोघरी पेपर टाकण्यास मनाई केली. त्यावर बरीच ओरड झाल्यावर ती मनाई पुढे शिथिल झाली. पेपरमध्ये चुका नसतात असे नाही. पण त्यावर संपादकाचे नाव असते, छापखान्याचा पत्ता असतो, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागता येतो. नाव-पत्ता असलेला कागद दाराबाहेर राहिला आणि बिननावाचा निरोप उशाशी आला. परिस्थिती अशी झाली की ७ एप्रिल रोजी व्हॉट्सॲप कंपनीलाच, फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घालावी लागली.

पण सगळा दोष मोबाइलवर टाकून चालणार नाही. अफवेचे बी पुष्कळदा सरकारी अर्धवट माहितीतच असते. वांद्र्याचे उदाहरण घ्या. टाळेबंदीची मुदत १४ एप्रिलपर्यंत होती. १५ तारखेपासूनच्या गाड्यांचे आरक्षण रेल्वेने बंद केलेच नव्हते. नंतर सुमारे ३९ लाख तिकिटे रद्द करावी लागली असे प्रसिद्ध झाले. ज्याच्या हातात १५ तारखेनंतरचे तिकीट आहे, तो गाडी सुटणार असेच समजणार. त्यात मजुरांसाठी खास गाड्या सोडण्याविषयीचे रेल्वेच्या एका कार्यालयाचे अंतर्गत पत्र बाहेर फुटले आणि एका वाहिनीवर त्याची बातमी झाली. १४ तारखेला सकाळी पंतप्रधानांनी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याचे सांगितले. दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर हजारावर मजूर जमले. कोणी गाडीसाठी आले, कोणी धान्याच्या आशेने आले. शेवटी लाठीमार झाला. बातमीदारालाही अटक झाली, पुढे जामीन मिळाला. कायद्याच्या बाजूबद्दल आम्ही बोलत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की त्या दिवशी वांद्र्याच्या बुकिंग क्लार्कला आणि फलाटावरच्या पोर्टरला "गाडी नाही, तिकिटाचे पैसे परत मिळतील" असे चार ओळींचे लेखी पत्र सकाळीच कोणी दिले असते, आणि ते स्टेशनबाहेर मोठ्या अक्षरात लागले असते, तर इतकी गर्दी झाली असती का?

करमाडचा रूळ

आता जे सांगणार आहोत ते रेल्वेच्या प्रत्येक माणसाने मनात कोरून ठेवावे. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे वीस मजूर ७ मे २०२० च्या संध्याकाळी पायी निघाले. भुसावळला जाऊन श्रमिक गाडी मिळवायची, हा त्यांचा बेत. रस्त्याने गेले तर पोलीस अडवतील म्हणून ते रुळाने चालू लागले. रात्रभर चालून थकले आणि करमाडजवळ रुळावरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, असे त्यांना वाटत होते. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. लोको पायलटने पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक लावला. पण मालगाडी जागच्या जागी थांबत नाही. सोळा जण गेले. रुळावर पडलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र सगळ्या देशाने पाहिले.

"गाड्या बंद आहेत" हे खोटे होते का? खोटे नव्हते. प्रवासी गाड्या बंदच होत्या. पण धान्य, कोळसा, पेट्रोल घेऊन मालगाड्या रात्रंदिवस धावत होत्या, आणि आपले लोको पायलट, गार्ड, पॉइंट्समन, ट्रॅकमन कामावर होते. आपल्यापैकी प्रत्येकाला हे माहीत होते. ज्यांना माहीत असणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक होते, त्यांच्यापर्यंत मात्र ते गेले नाही. महाभारतात 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्याने द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. अर्धे सत्य माणसाला निःशस्त्र करते ते असे. "प्रवासी गाड्या बंद, मालगाड्या चालू, रुळावर येऊ नका", एवढी एक ओळ प्रत्येक स्टेशनवर, प्रत्येक फाटकावर आणि रुळाकाठच्या प्रत्येक गावात दवंडी पिटून सांगता आली असती. श्रमिक गाडीत जागा स्टेशनवर जाऊन मिळत नाही, त्यासाठी आधी सरकारकडे नाव नोंदवावे लागते, हेही त्या माणसांना कोणी नीट समजावले असते तर ते कदाचित निघालेच नसते.

प्रशासनाला दोष देऊन आम्ही हात झटकत नाही. रुळावरून माणसे चालत जाताना कीमनने पाहिली असतील, गेटमननेही पाहिली असतील. त्या दिवसांत अशी माणसे आपल्यालाही दिसत होती. आपण किती जणांना थांबवून सांगितले?

आमच्या शाखेतले एक घर

आता रायपूरकडे येतो. मार्च २०२० मध्ये छत्तीसगडातील पहिला रुग्ण याच शहरात सापडला. पहिली लाट आपण कशीबशी काढली. खरा तडाखा बसला एप्रिल २०२१ मध्ये. ९ एप्रिलपासून रायपूर जिल्हा पुन्हा बंद झाला आणि ती बंदी वाढत वाढत गेली. इस्पितळात खाट नाही, रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी लोक रात्र रात्र रांगेत. ज्या इंजेक्शनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच इस्पितळातील रुग्णांसाठी केलेली नव्हती, त्यासाठी माणसांनी बायकोचे डोरले विकले.

आमच्या शाखेतला एक ट्रॅकमन त्या महिन्यात गेला. त्याच्या घरच्यांना विचारूनच सांगतो आहोत, नाव घेत नाही. चौथ्या दिवसापर्यंत अंगात ताप होता. तपासणीला चल म्हटले तर तयार नव्हता. त्याच्या मोबाइलवर आले होते की तपासणीला गेले की उचलून नेतात, किडनी काढून घेतात आणि प्रेत प्लॅस्टिकमध्ये बांधून देतात. बंधूंनो, १८९६ साली तेल काढत होते, २०२१ साली किडनी काढू लागले. सव्वाशे वर्षांत अफवेने फक्त कपडे बदलले. तो घरीच राहिला. कापूर, लवंग आणि ओवा यांची पुरचुंडी हुंगत राहिला, कारण त्याने ऑक्सिजन वाढतो असा निरोप आला होता. पाचव्या दिवशी रात्री दम लागला. खाट शोधण्यात सहा तास गेले. सातव्या दिवशी संपला.

किडनीचा निरोप कोणाचा होता, ते आम्हाला कधीच कळले नाही. कापराचा निरोप कोणाचा होता ते मात्र माहीत आहे. शाखेच्या ग्रुपवर तो आम्ही स्वतः टाकला होता. एका ओळखीच्या गृहस्थाकडून आला, भल्यासाठी आहे, घरगुती आहे, नुकसान काय होणार, असे मनात आले आणि बोट दाबले. त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "चिटणीस साहेबांनी पाठवले होते म्हणून त्यांना भरवसा वाटला." त्यांनी ते आम्हाला दोष देण्यासाठी म्हटले नाही. पण तीस वर्षे युनियनमध्ये राहून जो विश्वास मिळवला, तो आम्ही कशाला लावला, हे त्या दिवशी कळले. बिननावाच्या निरोपाला आमचे नाव लागले आणि तो खरा झाला. कापराने तो गेला असे नाही. पण कापराच्या भरवशावर जे चार दिवस गेले, ते परत आले नाहीत.

म्हणून सांगतो, अफवा पसरवणारे कोणी दुष्ट लोकच असतात असे समजू नका. आपल्यासारखी चांगली माणसेच काळजीपोटी ती पसरवतात.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शाखेत एक नियम केला. युनियन कार्यालयाच्या दाराशी काळा फळा लावला. त्यावर रोज सकाळी चार ओळी लिहायच्या. खाली लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि कोणाकडून समजले ते. कोणत्या केंद्रावर तपासणी चालू आहे, ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र कोणाच्या घरी आहे, आकडा ९४ च्या खाली गेला तर घरी थांबायचे नाही, पालथे झोपवून लगेच इस्पितळ गाठायचे. एवढेच. ग्रुपवर काही टाकायचे असेल तर आधी प्रायव्हेट नंबर द्या, म्हणजे कोणी सांगितले ते सांगा, असा दंडक घातला. निम्मे निरोप आपोआप बंद झाले.

त्या काळात सर्वांत जास्त काम कोणाचे झाले असेल, तर वस्तीतल्या मितानिनचे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, मितानिन म्हणजे इकडची आशा कार्यकर्ती. छत्तीसगडात मितान म्हणजे जिवाभावाचा दोस्त, आणि त्यावरून हे नाव पडले. २००२ पासून ही योजना इथे आहे, देशातली आशा योजना तिच्यानंतरची. आमच्या गल्लीतली मितानिन फार शिकलेली नाही. पण दहा घरांतले बाळंतपण तिने पाहिलेले, लेकरांची लस तिनेच आणून दिलेली. तिने दारात उभे राहून "तपासणीला चल, मी येते सोबत" म्हटले की माणूस निघत असे. आमच्या भाषणाने जे झाले नाही ते तिच्या सोबतीने झाले. मुंबईत धारावीतही २०२० मध्ये तेच दिसले. तिथे वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणारे डॉक्टर महापालिकेच्या माणसांबरोबर दारोदार फिरले आणि लोकांनी दार उघडले.

टपाल खात्यातील आमच्या बंधूंनीही हेच काम केले, आणि त्याची नोंद कुठे झाली नाही. बँका दूर, वाहने बंद, तेव्हा पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक यंत्र घेऊन दारात गेले आणि म्हाताऱ्या माणसांना अंगठ्यावर पेन्शनचे पैसे दिले. औषधे पोहोचवली. प्रत्येक दारात त्यांना एकच प्रश्न, "सच बता बाबू, का होही?" त्याचे उत्तर त्यांना कोणी शिकवून पाठवले होते का? नाही. त्यांनी आदल्या रात्री टीव्हीवर जे ऐकले तेच सांगितले.

शास्त्र बदलते तेव्हा

काही सभासद म्हणतात, सरकार आणि डॉक्टर तरी कुठे एक बोलत होते? आधी मास्क नको, मग मास्क सक्तीचा. हे खरे आहे. सर्वसाधारण लोकांनी मास्क वापरावा असे जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० रोजी सांगितले. मुंबई महापालिकेने तर एप्रिलमध्येच तो सक्तीचा केला होता. आपण भाज्या साबणाने धूत होतो, पत्रे उन्हात ठेवत होतो आणि बंद खोलीत दहा जण दाटीने बसत होतो. रोग मुख्यतः हवेतून, कोंदट जागेत पसरतो हे नंतर स्पष्ट झाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार वर्षभर चालला. प्लाझ्मा उपचाराचे तसेच. मोठा गाजावाजा झाला आणि १७ मे २०२१ रोजी तो उपचार यादीतून काढला गेला.

पण कॉशन ऑर्डरही बदलतेच ना? काल ताशी वीस किलोमीटर, आज काम पुरे झाले म्हणून पन्नास. लोको पायलट असे म्हणत नाही की कालचा कागद खोटा होता. जुनी रद्द, नवी अमुक वाजल्यापासून, हे त्याला लेखी मिळते. शास्त्रानेही तसेच सांगायला हवे होते. "काल आम्ही हे म्हटले, आज असे आढळले, म्हणून बदल करतो." लोकांना बदल समजतो. न सांगता केलेला बदल त्यांना फसवणूक वाटते. मग खऱ्यावरचाही विश्वास उडतो, आणि लस आली तेव्हा त्याचा परिणाम आपण पाहिला. आपल्याच कॉलनीत पहिले काही दिवस केंद्र रिकामे राहिले.

माहिती आणि भाकरी

आणखी एक मुद्दा. नुसत्या माहितीने साथ आटोक्यात येत नाही. "ताप असेल तर घरी राहा" हे कंत्राटी सफाई कामगाराला चांगले समजत होते. पण घरी राहिला तर रोज बुडतो, आणि चार दिवस बुडाला तर ठेकेदार दुसरा माणूस घेतो. म्हणून तो गोळी घेऊन कामावर आला. त्याला शहाणपण शिकवण्याआधी त्याची पगारी रजा मंजूर करा. १० मे २०२१ रोजी रेल्वे मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितले की तोपर्यंत १,९५२ रेल्वे कर्मचारी या रोगाने गेले आणि रोज हजाराच्या आसपास कर्मचारी बाधित होत आहेत. त्याच दिवसांत आपल्या माणसांनी ऑक्सिजनच्या गाड्या चालवल्या. १९ एप्रिलला कळंबोलीहून निघालेली पहिली गाडी विशाखापट्टणमहून प्राणवायू भरून नागपूर-नाशिकला पोहोचली. त्या हजारोंच्या हिशेबात आमचा तो ट्रॅकमनही आहे. कंत्राटी कामगार मात्र कर्मचारी म्हणून मोजलाच जात नाही. त्याला मोजत नाहीत, त्याच्यापर्यंत निरोपही जात नाही.

आपल्या मागण्या आणि आपले काम

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही काही मागण्या ठेवतो. एक, जनतेवर परिणाम करणारा कोणताही आदेश वाहिनीवर जाण्याआधी खिडकी, फाटक आणि पोस्टाचे काउंटर येथे लेखी पोहोचला पाहिजे, अधिकाऱ्याचे नाव आणि वेळ घालून. दोन, तो इंग्रजीतच नको. ट्रॅकमनला आणि डाक सेवकाला वाचता येईल अशा भाषेत हवा. तीन, काय बंद आहे याबरोबर काय चालू आहे आणि काय अजून ठरलेले नाही, हेही त्यात असावे. चार, प्रत्येक डेपोत आणि पोस्टात शंकांची वही ठेवावी आणि चोवीस तासांत उत्तर द्यावे. निरोप वरून खाली येतो तसा खालून वरही गेला पाहिजे. पाच, साथीच्या काळात कायम, कंत्राटी आणि ग्रामीण डाक सेवक अशा सर्वांना पगारी रजा, आणि मृतांच्या यादीत सर्वांची नोंद.

मागण्या प्रशासनाकडे, पण काम आपल्याकडे. ज्या निरोपाला नाव नाही तो पुढे पाठवू नका. पाठवलाच आणि चुकीचा निघाला, तर ज्या ग्रुपवर पाठवला तिथेच, तेवढ्याच मोठ्याने, "माझी चूक झाली" असे सांगा. आम्ही ते सांगायला पाच दिवस लावले. तुम्ही लावू नका. शाखेच्या दाराशी फळा लावा आणि साथ नसतानाही त्यावर रोज काहीतरी खरे लिहा. फळा वाचायची सवय साथ आल्यावर लागत नाही, आधी लावावी लागते. वस्तीतल्या मितानिनला, आशाताईला शाखेच्या सभेला बोलवा आणि तिला खाली सतरंजीवर न बसवता व्यासपीठावर बसवा.

एकेकाळी आर.एम.एस.च्या डब्यात रात्रभर पत्रांची वर्गवारी चाले. रूळ आमचा, पत्र तुमचे. चुकीच्या गावच्या पिशवीत पत्र पडू नये म्हणून तो सॉर्टर दिव्याखाली डोळे ताणून पत्ता वाचत असे. त्याला पत्रात काय लिहिले आहे ते माहीत नव्हते, पण ते कोणाचे आणि कोणाला, हे पाहिल्याशिवाय तो हातातून सोडत नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात तो डबा आहे. सॉर्टरचे काम आता आपल्या प्रत्येकाला करायचे आहे.

 आजच्या सभेनंतर दाराबाहेरच्या फळ्यावर या मागण्या लिहिलेल्या असतील, खाली आमचे नाव आणि वेळ घालून. वाचा, चुकले असेल तर खोडा आणि आपले नाव लिहा.

कामगार एकजुटीचा विजय असो!